वर गार, खाली ऊन

“हात लावून बघा,” मामा म्हणाले. “वर गार, खाली ऊन.”

मी लावला. झोपायच्या खोलीतला, गरम पाण्यानं खोली तापवणारा तो पांढरा रेडिएटर खालच्या अंगाला चांगला तापला होता आणि वरच्या अर्ध्या भागात फरशीसारखा गार होता.

“आत हवा कोंडलीया,” मामा म्हणाले. “हवा चढून वर बसती, पाणी खालच्या खालीच फिरतंय. हवा काढली की सगळा तापंल. पण आधी बॉयलर बंद करा. अर्धा-पाऊण तास पाणी निवू द्या. आन् ह्या मळसूत्राला पक्कड लावू नगा. पितळ मऊ असतंय, गोल हुतंय. ह्याची बारकी चावी मिळती.”

“अर्धा-पाऊण तास कुठून आणायचा, मामा?” मी म्हणालो. “दीड वाजून गेलाय. साडेतीनला ती नर्स येणार.”

मामांनी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं. साडेचौदा अंश.

हे डिसेंबर २०१० मधलं, इंग्लंडातल्या लीड्स शहरातलं. आमचा मुलगा श्रेयांस दिवस भरायच्या सात आठवडे आधीच जन्मला होता. जन्मला तेव्हा माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढा. तीन आठवडे इस्पितळात काचेच्या पेटीत होता आणि पद्मजा, माझी बायको, रोज सकाळी पहिल्या बसने त्याच्याजवळ जाऊन बसत होती. आता त्याचं वजन भरलं होतं. त्याला घरी सोडायला डॉक्टर तयार होते, पण त्याआधी इस्पितळाची नर्स घर पाहून जाणार होती. बाळाच्या खोलीत किमान अठरा अंश हवेत, नाहीतर मूल सोडायचं नाही, नाताळची सुट्टी संपल्यावर बघू, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं.

आमचं घर भाड्याचं, विटांचं, शंभर वर्षं जुनं. विजेचा हीटर लावला की घरभरचा फ्यूज उडायचा. घर दाखवणारा एजंट फोनवर म्हणाला होता, प्लंबर जानेवारीत येईल. बाहेर दहा दिवस बर्फ पडत होता.

मामा म्हणजे माझे सासरे, बाबगोंडा मगदूम. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या, म्हणून लेकीच्या बाळंतपणाला ते एकटेच आले होते. सांगलीच्या पुढे कृष्णाकाठचं त्यांचं गाव. तोवर मुंबईपलीकडे काही पाहिलं नव्हतं. जैन धर्माचं पाळणं कडक. सूर्यास्तानंतर अन्नाचा कण नाही. गावात ते जमून जातं. लीड्सला डिसेंबरात सूर्य पावणेचारला मावळतो. त्यामुळे मामा दुपारी तीनला रात्रीचं जेवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला उजाडेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. त्याबद्दल कधी कुरकुर ऐकली नाही.

एके काळी ते साखर कारखान्यात बॉयलरवर होते. पद्मजा नऊ वर्षांची असताना तिथे एक अपघात झाला, एका माणसाचा हात भाजून कायमचा निकामी झाला, आणि मामांची नोकरी गेली. नंतर त्यांनी गावात पिठाची गिरणी चालवली. एवढंच मला ठाऊक होतं. तो विषय निघाला की पद्मजा उठून जायची. शाळेत तिला पोरं ‘हातखाऊची पोरगी’ म्हणायची, हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर मामांच्या यंत्रज्ञानावर माझा भरवसा नव्हता. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. आल्यापासून ते घरभर हात लावत फिरत होते. रेडिएटरवर लोंबणारे लांब पडदे त्यांनी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. सोफा रेडिएटरपासून हातभर पुढे ओढला. पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल पुठ्ठ्यावर चिकटवून रेडिएटरच्या मागे सरकवली. “भिंत तापवून काय करायचं? ऊब खोलीकडं यायला पाहिजे,” म्हणाले. मी पद्मजाकडे पाहून हसलो होतो. ती हसली नव्हती. “अण्णा, भाड्याचं घर आहे. कशाला हात लावू नका,” एवढंच ती वडिलांना म्हणाली होती.

त्या दुपारी मामांनी माझ्या वहीचं पान फाडून त्यावर चावीचं चित्र काढलं. आत चौकोनी भोक असलेली, बोटभर लांबीची.

“कोपऱ्यावर हत्यारांचं दुकान हाय. मी घिऊन येतो,” ते म्हणाले.

“तुम्ही? बर्फात? मी जातो.”

“न्हाई. एवढ्यात त्या नर्सचा फोन आला तर तुम्ही पाहिजेसा. मला इंग्रजी येत न्हाई. आला फोन तर मी काय बोलू?” त्यांनी कानटोपी घातली, गळ्याला मफलर गुंडाळला. “तेवढं बॉयलर बंद करा. मी येईस्तोवर पाणी निवंल.”

“करतो,” मी म्हणालो.

ते गेले. मी खाली स्वयंपाकघरात बॉयलरसमोर उभा राहिलो. बंद केला असता तर खालच्या खोल्याही गार पडल्या असत्या. मग पाणी निवणार, मग हवा काढणार, मग पुन्हा तापणार. मी मनात हिशेब मांडला आणि तो साडेतीनच्या आत बसेना. मी बटणावरचा हात काढून घेतला. ड्रॉवरमधून पक्कड काढली आणि वर आलो.

रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातल्या त्या पितळी मळसूत्राला पक्कड लावली. ती दोनदा सटकली. तिसऱ्यांदा पकड बसली आणि बारीक फुस्स आवाज आला. हवा निघत होती. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे पद्मजाला फोन करणार होतो. मी हात रेडिएटरवर ठेवला. ऊब इंचाइंचानं वर चढत होती, पण सावकाश. मी आणखी एक वेढा दिला. मग आणखी एक.

मळसूत्र निसटलं आणि कुठेतरी उडालं.

काळं पाणी पिचकारीसारखं समोरच्या भिंतीवर आदळलं. शाईसारखं काळं, कढत, कुजकट वासाचं. तिथून पाळण्याच्या गादीवर, गालिच्यावर. मी हात पुढे केला आणि भाजला म्हणून मागे घेतला. चादर ओढली, ती लावली, तर पाणी चादरीच्या कडेनं माझ्या अंगावर आलं. मी काय करत होतो ते मला आता नीट आठवतही नाही. आठवतं ते एवढंच की मी दोन पावलं मागे सरून नुसता बघत राहिलो होतो.

खाली दार वाजलं. जिन्यात पावलं वाजली. मामा बुटांच्या बर्फासकट आत आले, एकदा पाहिलं, आणि रेडिएटरजवळ गुडघा टेकून त्यांनी उजव्या हाताचा अंगठा त्या भोकावर दाबला.

पिचकारी थांबली. अंगठ्याच्या कडेनं थोडं पाणी मनगटावर ओघळत राहिलं. त्यातून वाफ निघत होती.

“बॉयलर बंद केला न्हाई?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मी मान हलवली.

“जावा. बंद करून या.”

मी धावत गेलो, बंद केला, धावत आलो. त्यांच्या कपाळावर घाम होता. ओठ आत घेतलेले.

“मामा, हात काढा. भाजतंय.”

“काढला तर समदं घर भिजंल. खाली उजवीकडं कळ हाय ती फिरवा. बंद. घट्ट. आता डाव्या टोकाची टोपी काढा. आत दांडी दिसंल. तिला लावा तुमची पक्कड. उजवीकडं फिरवा. हळू.”

मी फिरवली. मनगटावरचा ओघळ बारीक झाला.

“आता मळसूत्र शोधा.”

मी गालिच्यावर पालथा पडून शोधू लागलो. पलंगाखाली, पाळण्याच्या पायांत, ओल्या चादरीत. काळ्या पाण्यानं बोटं बुळबुळीत झाली होती. पाच मिनिटं गेली असतील. त्या पाच मिनिटांत मामांनी अंगठा हलवला नाही. शेवटी भिंतीच्या कडेला गालिचा संपतो त्या फटीत ते सापडलं. मामांनी अंगठा उचलला. त्याचं टोक पांढरं पडलं होतं, उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तसं. त्यांनी डाव्या हातानं मळसूत्र बसवलं, आणलेल्या चावीनं आवळलं आणि मग भिंतीला टेकून बसले.

“किती वाजलं?”

“अडीच.”

“चला. हुतंय.”

खाली बॉयलरवर लाल दिवा लागला होता. दाबाचा काटा शून्यावर. मला वाटलं, संपलं. मामांनी बॉयलरच्या खाली वाकून पाहिलं आणि जाळीदार चंदेरी नळी दाखवली. “पहिल्या दिवशीच बघून ठेवलंय मी. ह्येच्यातनं पाणी भरायचं. दोन्ही कळा उघडा, काटा एक आणि दीडच्या मधी आला की बंद. घाई करू नगा.”

मी घाई केली नाही. काटा चढला. बटण दाबलं. एक क्षण काहीच नाही, मग आत धुप्प करून ज्योत पेटली.

मग मामा वर आले. त्या रेडिएटरच्या दोन्ही कळा मला उघडायला लावल्या आणि चावीनं उरलेली हवा पाव वेढ्यानं काढली, पाण्याचा पहिला थेंब येईपर्यंत, त्यापुढे तसूभर नाही. खालच्या मजल्यावरच्या रेडिएटरांच्या कळा त्यांनी जवळजवळ मिटवल्या, म्हणजे सगळं गरम पाणी वर जाईल. खोलीचं दार ओढून घेतलं. मी भिंत पुसत होतो. डाग पुसला जात नव्हता, पसरत होता.

तीनला सोळा. सव्वातीनला सतरा. मामा जेवायला बसले नाहीत. तापमापकाशी उभे राहिले, उजवा हात स्वेटरच्या खिशात घालून.

साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना पद्मजा आणि नर्स बरोबरच आल्या. नर्सचं नाव मॉरीन. साठीची, जाडजूड, बर्फातून चालत आल्यानं धापा टाकणारी बाई. ती वर आली, पिशवीतून स्वतःचा तापमापक काढला, पाळण्याच्या जागी ठेवला आणि खुर्चीत बसली. “पाच मिनिटं,” म्हणाली.

पद्मजा भिंतीकडे पाहत होती. मग गालिच्याकडे. मग कोपऱ्यात उभ्या केलेल्या काळ्या गादीकडे.

“हे काय झालं?” तिनं मराठीत विचारलं.

तिची नजर मामांवर थांबली.

“अण्णा, तुम्ही हात लावलात ना?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या नजरेत काही मागणं नव्हतं. मी काय करतो एवढंच ते बघत असावेत. तीन आठवडे न झोपलेली पद्मजा माझ्या समोर उभी होती, आणि नर्स, आणि सतरा-अठराच्या मधे अडकलेला तो काटा. मी म्हणालो,

“मी खाली होतो.”

तीन शब्द. त्यातला एकही पूर्ण खोटा म्हणता येणार नाही. मधे मी खाली गेलोच होतो.

पद्मजा वडिलांकडे वळली. परक्या बाईसमोर आवाज चढवायचा नाही म्हणून ती हळू बोलली. त्यामुळे ते जास्त वाईट झालं.

“तिथं एका माणसाचा हात गेला, ते पुरलं नाही तुम्हाला? माझ्या बाळाच्या खोलीत? पाळण्याजवळ? बाळ इथं असतं तर काय झालं असतं, अण्णा?”

“तुझं बरोबर हाय,” मामा म्हणाले.

“यापुढं या खोलीत कशाला हात लावायचा नाही.”

“न्हाई लावत.”

मॉरीननं तापमापक उचलला, चष्मा वर करून पाहिला. “साडेअठरा,” ती म्हणाली. “चढतंय. उद्या घेऊन या तुमच्या मुलाला.” पद्मजा खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मॉरीनचं लक्ष मामांच्या खिशाकडे गेलं होतं. तिनं न विचारता त्यांचा हात बाहेर काढला, अंगठा पाहिला, आणि त्यांना मोरीत नेऊन वीस मिनिटं गार पाण्याखाली उभं केलं. मलमपट्टी केली. जाताना मला म्हणाली, “सासऱ्यांना सांगा, फोड फोडू नका. बराच वेळ धरून ठेवला असणार हात.”

मी ते पद्मजाला सांगितलं नाही. मामांना फक्त फोडांचं सांगितलं.

तोवर बाहेर अंधारलं होतं. ताटात वाढलेलं तसंच झाकून ठेवलेलं. मामा दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जेवले.

बाळ घरी आलं. खोली उबदार होती, सगळे म्हणायचे. मामा त्यानंतर सहा आठवडे राहिले आणि त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. पद्मजा बाळाला खाली घेऊन आली की ते तिच्या मांडीवरच्या बाळाकडे लांबून पाहायचे. तिनं एक-दोनदा “घ्या की,” म्हटलं. “असू दे, हाताला पट्टी हाय,” ते म्हणाले. पट्टी निघाली, तरी तेच. पद्मजालाही ते कळत होतं, पण ती माघार घ्यायला तयार नव्हती. दोघंही मगदूमच. मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज काहीतरी कारण सापडायचं. ती थकलीय. ती आज हसतेय. आता सांगून काय उपयोग.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला आम्ही त्यांना मँचेस्टरच्या विमानतळावर सोडायला गेलो. पद्मजा बाळाला पाजायला बाकावर बसली. मी मामांबरोबर सामान देऊन आलो. तपासणीच्या रांगेकडे चालत असताना मी म्हणालो, “मामा, मी पद्मजाला सांगणार आहे.”

“काय?”

“पक्कड मी लावली होती ते.”

ते थोडं चालले. मग मला बाजूला घेऊन उभे राहिले.

“माझ्यासाठी सांगणार असशीला तर नगा. माझं काय अडलंय?”

“पण मामा, तुमच्यावर दुसऱ्यांदा खोटा आळ—”

“दुसऱ्यांदा न्हाई,” ते म्हणाले. “कारखान्यातलं माझंच हुतं. वाफेची लाइन उघडायच्या आधी तिच्यात साठलेलं पाणी काढायचं असतंय. मी काढलं न्हाई. हंगामाचा पहिला दिवस, वरनं घाई. एकदम वाफ सोडली, पाण्यानं आतनं धक्का दिला, सांधा फुटला. दत्तू सुतार तिथं उभा हुता. त्याचा हात गेला.”

मामांनी एकदा रांगेकडे पाहिलं.

“कुणी बघितलं नव्हतं. पाळी बदलत हुती. आधीच्या पाळीचा माणूस दारू पिऊन यायचा, सगळ्यांला म्हाईत. साहेब म्हणाले, त्यानंच ठेवलं असंल पाणी, तसं लिहू या. तुमी नुसतं गप बसा, बाबगोंडा. मी दोन दिवस गप बसलो. तिसऱ्या दिवशी जाऊन सही केली, माझ्या हातनं झालं म्हणून. नोकरी गेली. पोरीला शाळेत लोकांनी नावं ठेवली. ते मला कळत हुतं. पण दत्तूच्या घरी मी जाऊ शकलो. त्याच्या ताटाला बसून जेवलो. अजून जातो.” त्यांनी मफलर नीट केला. “ते दोन दिवस वाईट हुते, सुदर्शनराव. तुमाला दीड महिना झाला.”

ते रांगेत जाऊन उभे राहिले.

मी बाकाकडे परत आलो. पद्मजा बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. मी तिच्यासमोर उभा राहूनच सांगितलं, कारण बसलो असतो तर पुन्हा गप्प राहिलो असतो. बॉयलर बंद करा म्हणाले होते, मी केला नाही. पक्कड मी लावली. ते चावी आणायला बर्फात गेले होते. त्यांनी अंगठा लावला म्हणून खोली वाचली. मी खाली होतो म्हणालो. मग कारखान्याचं सांगितलं, सहीचं, दत्तू सुताराचं.

ती माझ्याकडे बघत राहिली. पुढचे कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि त्या वेळी मला ते सोसलं, कारण त्या दीड महिन्यापेक्षा ते हलकं होतं. पण ते नंतरचं. तेव्हा ती नुसती उठली आणि बाळाला घेऊन चालू लागली, मग पळू लागली.

मामा पट्टे लावून आखलेल्या रांगेत बरेच पुढे गेले होते. “अण्णा,” ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण ते वळले. मधे कमरेएवढ्या उंचीवर ताणलेला पट्टा होता. पहारेकरी काही बोलायला पुढे आला आणि बाळ पाहून थांबला.

पद्मजानं काही विचारलं नाही. क्षमाही मागितली नाही, तिच्यानं तेव्हा बोलवलं नसतं. तिनं पट्ट्यावरून बाळ त्यांच्याकडे धरलं. मामांनी हातातली पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात स्वेटरला पुसले आणि नातवाला पहिल्यांदा घेतलं. छातीशी धरून त्यांनी त्याची टोपी सारखी केली, मग एका हातानं त्याचे पाय चाचपले.

“पाय गार पडल्यात ह्याचं,” ते म्हणाले. “गाडीत बसल्यावर आधी झाका.”

मागच्या माणसानं घसा खाकरला. मामांनी मान डोलावली, एक पाऊल पट्ट्याजवळ आले. पद्मजानं हात पुढे केले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे.

“सुदर्शनराव, धरा,” ते म्हणाले, आणि बाळ माझ्या हातात दिलं.